पाळतीच्या आदेशावर सही कोणाची?

जुलै २०२१ मध्ये विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी सांगितले की २०१६-१७ मध्ये, म्हणजे ते भंडारा-गोंदियाचे खासदार असताना, त्यांचा फोन टॅप होत होता आणि सरकारी कागदांवर त्यांच्या नंबरापुढे नाव लिहिले होते ‘अमजद खान’. त्या काळात ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, ही बाब विसरता कामा नये. या आरोपानंतर राज्य सरकारने तत्कालीन पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, आणि पुढच्याच महिन्यात एकनाथ खडसे व संजय राऊत यांच्या फोनबाबत मुंबईत कुलाब्याला दुसरा. शुक्ला यांनी आरोप फेटाळले. जून २०२२ मध्ये सरकार बदलले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तिथल्या न्यायालयाने तो नाकारून पुढे तपास करायला सांगितले. मुंबईच्या प्रकरणात सरकारने खटल्याची मंजुरी दिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले आणि जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने कोणीही दोषी ठरलेले नाही आणि या लेखात कोणाला दोषी ठरवायचेही नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: त्या नंबरावर अमजद खान नावाचा कोणी माणूस होता की निवडून आलेला खासदार, हे खुल्या न्यायालयात, पुरावा तपासून, आजतागायत ठरलेले नाही. सरकार बदलले तेव्हा फाइल उघडली आणि सरकार पुन्हा बदलले तेव्हा मिटली. न्यायालय या सगळ्यात आले ते शेवटी.

पवनी तालुक्यातले आसगाव याच लोकसभा मतदारसंघात येते. खासदाराला फोन कोण करते? धानाचे चुकारे अडले म्हणून शेतकरी करतो, गोसीखुर्दच्या पुनर्वसनाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून बाधित कुटुंबातला मुलगा करतो, ठाणेदार तक्रार घेत नाही म्हणून एखादी बाई करते. फोन एकाचा टॅप झाला तरी रेकॉर्डिंगवर आवाज दोघांचा असतो. ठाणेदाराविरुद्धची तक्रार पोलीस खात्याच्याच कानावर जात असेल तर ती करणाऱ्या बाईचे काय होईल, याचा विचार करायला कायद्याची पदवी लागत नाही. म्हणून ‘ज्याला काही लपवायचे नाही त्याने कशाला घाबरावे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या बाईकडे लपवण्यासारखे काही नाही, पण ज्यांच्याविरुद्ध ती बोलते आहे त्यांनी ते बोलणे ऐकू नये, हा तिचा हक्क आहे. आणि खासदाराला निदान विधानसभेत उभे राहून विचारता आले. आसगावच्या माणसाला आपण ऐकले गेलो हे कधी कळणारच नाही, मग दाद कशाची मागणार?

न्यायालयांनी सरकारी पाळतीला आवर घातला का, याचा आढावा घ्यायचा तर या न कळण्यापासूनच सुरुवात करावी लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या न्यायालयांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत तत्त्व चांगले घडवले, पण ते लागू करण्याची जागा चुकीची निवडली. पाळतीची परवानगी देणारे, ती तपासणारे आणि तिचे कागद नष्ट करणारे, सगळे सरकारातलेच राहिले. न्यायाधीश येतो तो सगळे उरकल्यावर, आणि तोही क्वचित.

घटना घडत होती तेव्हाच हे वळण चुकले. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडती आणि जप्तीपासून नागरिकाला संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, म्हणजे भंडारा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे. डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या आपल्या मसुद्यात असेच कलम घातले होते. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असे म्हणून त्यांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरीही ती घटनेत आली नाही. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले त्या १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा प्रकरणात सांगितले की अमेरिकेच्या घटनेसारखे झडतीविरोधी कलम आपल्या घटनेत नाही, तेव्हा ते ओढूनताणून आणता येणार नाही. १९६२ मध्ये खरक सिंग या उत्तर प्रदेशातल्या माणसाचा खटला आला. त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडलेली होती आणि पोलीस व चौकीदार रात्री-अपरात्री येऊन त्याचे दार ठोठावत. बहुमताने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेही म्हटले. त्यामुळे दारावरची थाप थांबली आणि बाकीची पाळत चालू राहिली. न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. ज्याच्यावर सतत नजर आहे तो मोकळा हिंडताना दिसला तरी मोकळा नसतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. तो बहुमतात यायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि सरकारी हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूला साजेसे प्रमाण या कसोट्या लावल्या.

फोन टॅपिंगचा मुख्य निकाल मात्र त्याआधीचा आहे. १९९१ मध्ये राजकारण्यांच्या फोन टॅपिंगविषयीचा सीबीआयचा अहवाल ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात छापून आला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. तार कायदा १८८५ चा, इंग्रजांचा. त्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याची मुभा सरकारला दिली होती, पण त्यासाठीचे नियम शंभर वर्षांत कोणी केलेच नव्हते. न्यायालयाने ते स्वतः घालून दिले. आदेश गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिन्यांपुरता, मुदतवाढ धरून सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जायला हवा. त्या काळात हे मोठे पाऊल होते, ते कमी लेखू नये. पण न्या. राजिंदर सच्चर यांनी याचिकाकर्त्यांतर्फे मागितलेली मूळ गोष्ट न्यायालयाने नाकारली: टॅपिंगआधी न्यायाधीशाची परवानगी. कायद्यात तशी तरतूद नसताना आपण ती घालू शकत नाही, असे कारण दिले. निकालात ब्रिटनच्या १९८५ च्या कायद्याचा दाखला आहे, ज्यात वॉरंट मंत्री काढत असे. त्याच ब्रिटनने २०१६ मध्ये कायदा बदलला. तिथे आता मंत्र्याने काढलेले वॉरंट न्यायिक आयुक्ताने मंजूर केल्याशिवाय सहसा लागू होत नाही. ज्यांच्याकडे पाहून आपण न्यायाधीशाला बाहेर ठेवले त्यांनी त्याला आत घेतले, आणि आपण १९९६ मध्येच थांबलो आहोत.

आता हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते जवळून पाहू. तपास यंत्रणा गृह विभागाकडे प्रस्ताव पाठवते. त्यात एक मोबाइल नंबर, त्यापुढे एक नाव आणि एक-दोन ओळींचे कारण असते: अमली पदार्थांचा व्यवहार, सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, असे काहीतरी. गृहसचिव सही करतो, आदेश दूरसंचार कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो आणि बिनबोभाट ऐकणे सुरू होते. त्या नंबराचे सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे, ही माहिती कंपनीच्या संगणकावर काही क्षणांत मिळते. परंतु प्रस्तावातले नाव आणि ग्राहकाचे नाव जुळते का, हे विचारणारा या साखळीत कोणीच नाही. तार नियमांतल्या ४१९-अ या नियमानुसार राज्याच्या पुनर्विलोकन समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव असत. त्यांच्यापुढेही तोच कागद, तेच नाव, तेच कारण. प्रस्तावात चुकीचे नाव लिहिले गेले, मग ते चुकून असो की जाणूनबुजून, तरी ते सही करणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, तिघांनाही बरोबरच दिसेल. पटोले यांच्या आरोपातली खरी भीती ही आहे. नियम मोडावा लागत नाही, तो पाळूनही हे घडू शकते.

पुनर्विलोकन समितीच्या कामाचा अंदाज न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीच्या २०१८ च्या अहवालावरून येतो. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार केंद्र सरकार दर महिन्याला सुमारे साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश काढत होते. पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश. बैठक आठ तास अखंड चालली असे मानले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. याला तपासणी म्हणवत नाही. राज्यातला दुसरा दाखला मार्च २०२१ चा आहे. पोलिसांच्या बदल्यांसंबंधीच्या टॅपिंगवर तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी अहवाल दिला. परवानगी सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने घेतली गेली आणि वापर भलत्याच कामासाठी झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. परवानगी दिली गेली तेव्हा गृह विभागाची धुरा कुंटे यांच्याकडेच होती. त्यांच्या निष्कर्षाला शुक्ला यांच्या बाजूने विरोध झाला; त्यावरचा राजकीय वाद बाजूला ठेवू. परवानगी देणारे कार्यालयच म्हणते की आपली दिशाभूल झाली, म्हणजे ती परवानगी अडसर म्हणून उपयोगी पडली नाही. शिवाय गृह विभागातून मुख्य सचिवपदावर जाणे ही प्रशासनातली रीतसर बढती आहे. आज आदेशावर सही करणारा उद्या तसल्याच आदेशांच्या पुनर्विलोकन समितीचा अध्यक्ष होतो. दोष त्या अधिकाऱ्याचा नाही, ही रचनाच तशी केलेली आहे.

मग न्यायालयाला संधी मिळते कधी? जवळजवळ फक्त तेव्हा, जेव्हा टॅपिंगमधला मजकूर खटल्यात पुरावा म्हणून येतो. मुंबई उच्च न्यायालयाचा या बाबतीतला सर्वांत चांगला निकाल २२ ऑक्टोबर २०१९ चा आहे. विनीत कुमार या व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप होता आणि २००९-१० मधल्या तीन आदेशांनी त्याचा फोन टॅप झाला होता. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांनी विचारले, लाचेच्या एका प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे आणि सार्वजनिक सुरक्षितता कुठे धोक्यात आली? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करण्याचा हुकूम निघाला. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही २०११ चा आदेश याच तर्काने रद्द केला. त्याच्या काही दिवस आधी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग योग्य ठरवले. एकच कलम, एकच शब्द, पण चेन्नईला एक अर्थ आणि दिल्लीला दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने यावर निःसंदिग्ध बोलायला हवे. पण तारखा बघा: २००९ चा आदेश २०१९ ला रद्द, २०११ चा २०२५ ला. आणि ज्यांना न्याय मिळाला ते आरोपी होते, म्हणूनच त्यांना आपण ऐकले गेलो हे कळले. ज्याच्यावर कधीच खटला भरला नाही, म्हणजे ज्याच्याविरुद्ध काहीच सापडले नाही, त्याला न्यायालयाचे दार दिसतही नाही. आरोपीला दाद मागता येते, निर्दोष माणसाला येत नाही, इतका उलटा परिणाम या व्यवस्थेने घडवला आहे.

याच जागी आर. एम. मलकानी प्रकरण आठवते. मलकानी मुंबईचे कॉरोनर होते. एका डॉक्टरकडे लाच मागितल्याच्या आरोपात दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने फोनवरचे बोलणे रेकॉर्ड झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला आणि म्हटले की निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालये संरक्षण देतील, ते दोषी माणसासाठी नाही. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण दोषी कोण हे सुनावणीनंतर ठरते आणि टॅपिंग त्याच्या कितीतरी आधी होते. बेकायदा मिळवलेला पुरावाही चालतो म्हटले की यंत्रणेला नियम पाळण्याचे कारणच उरत नाही. सत्य हाती लागले तर ते का टाकून द्यायचे, हा आक्षेप खरा आहे आणि खुनाच्या खटल्यात तो जीवघेणा वाटेल हे मी मान्य करतो. तरीही विनीत कुमार प्रकरणातली भूमिका मला जास्त दूरदृष्टीची वाटते. एका लाचखोराची सुटका ही एका खटल्यापुरती हानी आहे. नियम मोडून ऐकण्याला न्यायालयाने मोल मिळवून दिले तर ती हानी पुढच्या प्रत्येक फोनवर होते.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्याबद्दलही थोडे. १९९९ च्या मोक्काने संघटित गुन्हेगारीसाठी राज्याला टॅपिंगचे वेगळे अधिकार दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती कलमे रद्द केली, कारण तार-टेलिफोन हा केंद्राचा विषय. १ सप्टेंबर २००८ रोजी भारत शांतिलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. अधिकार कोणत्या सरकारचा यावर दोन्ही न्यायालयांनी पाने खर्ची घातली. परवानगी सरकारनेच का द्यावी, हा प्रश्न तिथे बाजूलाच राहिला. त्या कायद्यात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: टॅपिंगचा मजकूर पुराव्यात आणायचा तर आदेशाची प्रत सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. ज्याचे ऐकले त्याला कळवणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी राज्याच्या सर्वांत कठोर कायद्यातली ही तरतूद वाचावी.

पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी ठणकावून सांगितले की राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उच्चार केल्याने न्यायालय हात बांधून बसणार नाही. न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये निष्कर्ष पुढे आले: २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगासस आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही. अहवाल बंद पाकिटातच राहिला. ज्या सरकारला न्यायालयाने उत्तर द्यायला सांगितले त्याने दिले नाही आणि त्याला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत वाईट पान वाटते. शिवाय २०१९ मध्ये ज्यांना ‘तुमचा फोन लक्ष्य झाला आहे’ असा निरोप आला त्यांत नागपूरचे वकीलही होते, आणि तो निरोप पाठवला व्हॉट्सअ‍ॅपने, म्हणजे परदेशी कंपनीने. आपल्या देशात पाळत उघडकीला येण्याचे मार्ग एवढेच: कंपनी सांगते, सरकार बदलते किंवा एखादा अहवाल फुटतो. यातला एकही कायद्याने घालून दिलेला नाही.

न्यायाधीशाला आधीच्या टप्प्यावर आणण्याची कल्पना परकी आहे असेही नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आधार कायद्याचे कलम ३३(२) रद्द केले. त्यात राष्ट्रीय सुरक्षेसाठी सहसचिवाच्या आदेशाने नागरिकाची माहिती देता येत होती. अधिकारी त्याहून वरचा हवा आणि त्याच्या जोडीला न्यायिक अधिकारी, शक्यतो उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश हवेत, असे न्यायालयाने सुचवले. २०१९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, सहसचिवाच्या जागी सचिव घातला आणि न्यायाधीश गाळला. आधारमधल्या माहितीसाठी जे संरक्षण न्यायालयाला आवश्यक वाटले ते माणसाच्या जिवंत बोलण्यासाठी का नको, याचे उत्तर मला कुठल्याही निकालात सापडत नाही. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे त्याखालचे नियम यांनी १८८५ चा कायदा मागे टाकला, पण सही सचिवाची आणि समिती सचिवांचीच ठेवली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे.

यावर गंभीर आक्षेप आहे तो वेळेचा, आणि महाराष्ट्रात तो मांडणाऱ्याकडे २६ नोव्हेंबर २००८ हा दाखला असतो. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या हल्लेखोरांशी पाकिस्तानातून बोलणाऱ्यांचे आवाज दहशतवादविरोधी पथकाने ऐकले आणि कसाबच्या खटल्यात ते महत्त्वाचा पुरावा ठरले. त्या रात्री कोणी न्यायाधीशाचे घर शोधत बसावे काय? नक्कीच नाही, आणि तशी मागणीही कोणी करत नाही. आजच्या नियमांतही तातडीच्या वेळी यंत्रणेच्या प्रमुखाला स्वतः सुरुवात करता येते. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचे आणि कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी घ्यायची असते. ती मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाकडून घेतल्याने एक मिनिटही वाया जात नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायला घटनेच्या २२ व्या कलमाने सांगितले, म्हणून पोलिसांनी अटका थांबवल्या नाहीत. झडतीचे वॉरंट दंडाधिकारी रोज काढतात. पाळत हे कार्यकारी यंत्रणेचे क्षेत्र आहे, न्यायालयाने त्यात पडू नये, हा दुसरा आक्षेपही इथेच सैल पडतो. अटक आणि झडती ही दोन्ही कार्यकारी यंत्रणेचीच कामे आहेत.

न्यायाधीशही नुसते शिक्के मारतील, हा तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि मी तो हलका करणार नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गुप्त न्यायालयाने अनेक दशके फारच थोडे अर्ज नाकारले. आपल्याकडे पोलीस कोठडीच्या अर्जांवर काय होते ते वकिलांना चांगले माहीत आहे. गुप्त दालनात एकच बाजू ऐकून दिलेली परवानगी, ती न्यायाधीशाची असली तरी, पुरेशी नाही. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव नेमका हाच आहे. तिथे टॅपिंगला न्यायाधीशाची परवानगी लागतच होती. तरीही एका पत्रकाराचे फोन महिनोन्महिने ऐकले गेले आणि ते त्याला कळले वेगळ्याच प्रकरणाच्या कागदपत्रांतून. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितले की पाळत संपल्यावर नव्वद दिवसांत त्या व्यक्तीला कळवले पाहिजे, आणि कळवणे धोक्याचे असेल तर न्यायाधीशाने कारण नोंदवून मुदत वाढवावी. नंतर कळणार आहे म्हटले की आधी सही करणारा वाचून सही करतो. अमजद खानच्या नावाने आलेला लखोटा पुढे कोणाच्या दारात पडणार, हा विचार प्रस्ताव लिहिणाऱ्यालाही करावा लागतो. माझ्या दृष्टीने आधीच्या परवानगीपेक्षाही नंतरची सूचना महत्त्वाची आहे.

विदर्भात, गडचिरोलीच्या शेजारी राहून हे सांगणे सोपे नाही, कारण इथे पोलिसांच्या हाती माहिती नसेल तर पोलीसच मारले जातात. चालू असलेल्या कारवाईत कोणाला कळवावे असे कोणीच म्हणत नाही. पण पाच वर्षांनीही कळवता येणार नाही असे आदेश किती असतील? ते न्यायाधीशाने एकेक करून ठरवावे. नागपूर खंडपीठाकडे विदर्भापुरते हे काम सोपवले आणि त्यांनी वर्षाकाठी किती अर्ज आले, किती नाकारले, किती जणांना कळवले एवढे तीन आकडे प्रसिद्ध केले, तरी आज भंडाऱ्याच्या माणसाला याबाबत जेवढी माहिती आहे त्याहून ती कितीतरी जास्त असेल.

एक अडचण मात्र तातडीने सोडवावी लागेल. जुन्या ४१९-अ मध्ये होते तसेच नव्या नियमांतही टॅपिंगची कागदपत्रे दर सहा महिन्यांनी नष्ट करायची आहेत, कामाला लागणार असतील किंवा न्यायालयाने सांगितले असेल तेवढी सोडून. ही तरतूद नागरिकाच्या भल्यासाठी घातली होती, त्याचे खासगी बोलणे कपाटात पडून राहू नये म्हणून. पण कळवण्याची तरतूद नसताना तिचा परिणाम उलटा होतो: चूक कळण्याआधी त्या चुकीचा पुरावा जातो. २०१६-१७ मधल्या टॅपिंगची चौकशी २०२१ मध्ये सुरू होते तेव्हा हाती काय उरलेले असते? रेकॉर्डिंग जरूर नष्ट करा, पण आदेश, प्रस्ताव आणि त्या नंबराच्या ग्राहकाचे नाव ठेवा, आणि ती कागदपत्रे नष्ट करण्याची परवानगी संबंधिताला कळवल्यावरच द्या. यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. कायद्यात नियम नाहीत हे दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते स्वतः घालून दिले होते आणि सरकारने ते नियमांत उतरवेपर्यंत न्यायालयाचा शब्दच कायदा होता. तोच अधिकार आजही त्या न्यायालयाकडे आहे, आणि २०१७ नंतर त्यामागे मूलभूत हक्काचे बळही आहे.